बाईंच्या डब्यातले चिंचोके

(ताडकळसच्या पुढच्या एका गावातली दोनशिक्षकी शाळा. श्रावणातला शनिवार, मुलं नुकतीच घरी गेली आहेत.)

काशीनाथ गुरुजी : …आणि चिंचोके संपल्यावर मी खडे वापरले, बाई. तुमच्या डब्यात.

प्रभावतीबाई : संपले? चांगले ओंजळभर दिले होते की मी! कसे संपतील? सांडले असतील तुमच्याकडून. सांडलेच असणार.

काशीनाथ गुरुजी : एक सांडला नाही. माझा चौथीचा वर्ग शुद्धलेखनाला बसवून तासभर तुमच्या तिसरीच्या वर्गात मागच्या भिंतीला टेकून होतो. हा डबा तुमचा, हा पोरांचा. तुम्ही बोललात की चिंचोका यात, पोरगं बोललं की त्यात. पोरांचा हलवून बघा बरं.

प्रभावतीबाई : वाजतोय.

काशीनाथ गुरुजी : वाजणारच. आत मोकळी जागा लय आहे. आता तुमचा हलवा.

प्रभावतीबाई : हा… हा वाजतच नाही.

काशीनाथ गुरुजी : ठासून भरलाय ना!

प्रभावतीबाई : पण मी तर सारखी प्रश्नच विचारत होते, गुरुजी. बारा भाकरी चौघांत कशा वाटायच्या, हे मुलांनाच विचारलं ना मी? मुलांनाच विचारलं.

काशीनाथ गुरुजी : बघा. आत्तासुद्धा.

प्रभावतीबाई : काय आत्तासुद्धा?

काशीनाथ गुरुजी : प्रश्न तुमचा, उत्तर तुमचंच. वर्गातही हेच. "बारा भाकरी चौघांत, तर एकाला किती? तीन! शाब्बास!" हे शाब्बास कोणाला म्हणालात?

प्रभावतीबाई : असं म्हणाले मी?

काशीनाथ गुरुजी : प्रत्येक गणिताला. पोरं बिचारी तोंडं उघडतात, तोवर तुमची शाबासकी वाटून झालेली असते.

प्रभावतीबाई : गप्प वर्ग बघवत नाही हो मला. वाटतं, येत नाही म्हणून गप्प बसलीत, ओशाळलीत लेकरं. मग माझ्याच तोंडून निघून जातं.

काशीनाथ गुरुजी : हसतोय खरा, पण मलाही हे सगळं फजूल वाटलं होतं. नामांतराच्या बंदात परभणीला अडकून पडलो, म्हणून शिक्षकांच्या प्रशिक्षणातलं भाषण शेवटपर्यंत ऐकलं. साहेब म्हणाले, कृतिसंशोधन करा. मी म्हटलं, संशोधन कृषी विद्यापीठानं करावं, ज्वारीवर. पोरांवर कशाला?

प्रभावतीबाई : पोरांवर नाही, आपल्यावर. आपल्या वर्गात काय अडतंय ते आपणच शोधायचं, आपलीच रीत बदलून बघायची आणि दसऱ्याआधीच्या गटसंमेलनात सगळ्या शिक्षकांपुढे सांगायचं.

काशीनाथ गुरुजी : म्हणजे आपल्याच पाठीवरचा तीळ आपण शोधायचा. बरं, तीळ तर दिसला. आता?

प्रभावतीबाई : गुरुजी, एक सांगा. कावेरी बोलली का एकदा तरी?

काशीनाथ गुरुजी : लिंबाजीची? तोंड उघडलं होतं तिनं. जांभई द्यायला.

प्रभावतीबाई : तिच्यासाठीच चाललंय हो हे. लिंबाजी परवा उंबऱ्यात उभा राहून सांगून गेला. म्हणाला, पोरगी दोन वर्षं शाळेत एक शब्द बोलत नाही, म्हणजे तिच्या डोक्यात काही शिरत नाही. मंगळवारी येऊन नाव काढतो आणि शेळ्यांमागं लावतो. हुशार आहे हो ती. वहीत सगळं बरोबर असतं. पण वही लिंबाजीला वाचता येत नाही.

काशीनाथ गुरुजी : मंगळवारी येणार, आणि उद्या रविवार. म्हणजे तुमच्या हाती सोमवारची एक सकाळ. तीही श्रावणी सोमवारची, अर्ध्या शाळेची. सोमवारी तुमचं मौन असतं ना?

प्रभावतीबाई : असतं. पहाटे संकल्प सोडते तो संध्याकाळी महादेवापुढे दिवा लावेपर्यंत. पण शाळेपुरती सूट मागून घेते दरवर्षी.

काशीनाथ गुरुजी : यंदा मागू नका.

प्रभावतीबाई : म्हणजे वर्गात मौन? अगं बाई! व्रताचा कुणी असा प्रयोग करतं का? देवाला काय वाटेल? नाही, देवाला काही वाटायचं नाही म्हणा.

काशीनाथ गुरुजी : पुन्हा तुम्हीच! अहो, देवाला तरी बोलू द्या.

प्रभावतीबाई : …खरंच की. पण गुरुजी, एकदा हातावर पाणी घेऊन सोडलं की सोडलं. मग छप्पर कोसळलं तरी माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही.

काशीनाथ गुरुजी : छपराचं मी बघतो. तुम्ही तोंडाचं बघा.

* * *

काशीनाथ गुरुजी : हसा बाई, हसा! सोमवारच्या मौनात हसायला तर मनाई नाही? काय वर्ग झाला आज! तुम्ही फळ्यावर बारा भाकरी काढल्यात, बाजूला चार माणसं काढलीत. तिसरा माणूस रेड्यासारखा दिसत होता, पण ते असू द्या. आणि खडू खाली ठेवून उभ्या राहिलात. काय ती शांतता! भगवानरावांचा नातू म्हणाला, "बाई मुक्या झाल्या." तरी तुमचं हूं नाही की चूं नाही. घाम मला फुटला! मागून मीच उत्तर सांगणार होतो.

प्रभावतीबाई : …

काशीनाथ गुरुजी : डोळे वटारू नका, सांगितलं नाही ना! मग तो नातू म्हणाला, "दोन-दोन." तुम्ही चूक म्हणाला नाहीत, बरोबर म्हणाला नाहीत. नुसत्या बघत राहिलात. आणि मागच्या रांगेतून आवाज आला, असा घोगरा, "दोन-दोन दिल्या तर चार उरत्यात की. त्या काय कुत्र्याला घालता?" मी मान वळवून बघतो तर कावेरी! हातातला चिंचोका हातातच राहिला माझ्या. तिचा आवाज असा असेल, असं वाटलंच नव्हतं कधी.

प्रभावतीबाई : …

काशीनाथ गुरुजी : पदर डोळ्याला नंतर लावा. फाटकातून कोण येतंय बघा. लिंबाजी! हा उद्या येणार होता ना? आणि कावेरी अजून इथंच आहे.

लिंबाजी : राम राम गुर्जी. उंद्या पूर्णेला जायाचं निघालंय, म्हून आजच आलो. कावेरे, दप्तर घे. बाई, पोरीचं नाव काढून टाका.

प्रभावतीबाई : …

लिंबाजी : बाई? नाव काढा म्हनलं म्या.

प्रभावतीबाई : …

लिंबाजी : गुर्जी, बाई आमच्याशी बोलंनात. आमचं काई चुकलं का?

काशीनाथ गुरुजी : तुझं काही चुकलं नाही. मौन आहे त्यांचं. श्रावणी सोमवार आज.

लिंबाजी : आस्सं व्हय! मंग नगा बोलू बाई. आमच्यापाई तुमचं व्रत मोडाया नगं. निस्तं नाव तेवढं काढा.

काशीनाथ गुरुजी : बाई, आता तरी बोला हो! महादेव भोळा आहे, एका शब्दानं काही रागावत नाही. माझं हा ऐकायचा नाही, मला हा लहानपणापासून ओळखतो.

प्रभावतीबाई : …

काशीनाथ गुरुजी : नुसती मान काय हलवता? नको तेव्हा ठासून डबा भरलात, आणि आज… बरं. मीच सांगतो. लिंबाजी, तुझी पोरगी आज वर्गात बोलली.

लिंबाजी : बोलली म्हंजी? घरी तर तिचं तोंडच मिटत न्हाई. शेळीसंगं बोलती, चुलीसंगं बोलती. हितंच दातखीळ बसती तिची. म्हून तर म्हनतो, हितलं तिला काई कळत न्हाई.

काशीनाथ गुरुजी : कळतं बाबा. भाकरी तिनंच वाटल्या.

लिंबाजी : भाकरी वाटाया शाळा कशाला लागती, गुर्जी?

काशीनाथ गुरुजी : आता याला काय सांगू! कावेरी, तूच बोल बाई. शाळेत यायचंय का शेळ्यांमागं जायचंय?

लिंबाजी : तिला काय इचारता? तिला शेळ्याच आवडत्यात.

काशीनाथ गुरुजी : छे! शाळाच आवडते तिला. शिकायची लय हौस आहे, मी सांगतो ना—

लिंबाजी : माजी पोरगी अन् तुमी सांगनार? तिला न्हाई आवडत—

काशीनाथ गुरुजी : थांब, थांब. काय बाई? माझ्या चिंचोक्यांना का हात घातलात? आँ? हा माझ्या नावाचा टाकलात? आणि तो लिंबाजीच्या?

लिंबाजी : ह्ये काय हो? बाई काय कवड्या खेळायल्यात?

काशीनाथ गुरुजी : नाही रे बाबा. पोरीला विचारतो आपण आणि उत्तरही आपणच द्यायलोत. तेवढं मोजायल्यात त्या. गप बस आता. मीही बसतो.

लिंबाजी : कवापस्तोर?

काशीनाथ गुरुजी : बाई बसल्यात तोवर.

लिंबाजी : …

काशीनाथ गुरुजी : …

लिंबाजी : लय जड जायलंय, गुर्जी.

काशीनाथ गुरुजी : मलाही. सबर कर.

प्रभावतीबाई : …

कावेरी : आबा, शेळ्या म्या हितं चिंचंला बांधते. सुट्टी झाली की चारत चारत घरला आनते.

लिंबाजी : अन् दावं तोडलं तर?

कावेरी : म्या मागच्या रांगंत बसते. दार तितंच हाय.

लिंबाजी : …अगं, ही तर हितंबी बोलती!

काशीनाथ गुरुजी : आत्ता माझ्याकडं बघू नकोस. मी गप आहे.

लिंबाजी : दप्तर ऱ्हाऊ दे मंग, कावेरे. दिवाळीपस्तोर बगू. बाई, येतो. तुमच्या म्हादेवाला आमचाबी नमस्कार सांगा. आज न्हाई, बोलाया लागल्यावर.

* * *

काशीनाथ गुरुजी : सुटलं का मौन? दिवसभराचं साठलं असेल. काल संध्याकाळी महादेवाचं काही खरं नसेल.

प्रभावतीबाई : नाही हो. दिवा लावला, बेल वाहिला आणि काही सुचेचना. दरवेळी मी मागते, आणि तो देईल की नाही तेही मीच सांगून मोकळी होते. काल नुसती बसले. म्हटलं, आज तू बोल.

काशीनाथ गुरुजी : मग? बोलले का महादेव?

प्रभावतीबाई : तुम्हाला काय वाटतं?

काशीनाथ गुरुजी : मला? मला काय… अहो, सांगा की!

प्रभावतीबाई : नाही. आता मी थांबायला शिकतेय.

काशीनाथ गुरुजी : बरं शिकवलं मी तुम्हाला! ऐका, चिंचेखाली शेळ्या ओरडायल्यात. त्यांचा चिंचोका कोणाच्या डब्यात टाकू? गटसंमेलनात विचारलं तर?

प्रभावतीबाई : त्या तिसरीतच आल्यात म्हणायचं. मुलांच्या डब्यात टाका. बसा मागं. हं, मुलांनो, आज भाकरी तेरा आहेत आणि माणसं चारच. कशा वाटायच्या?

काशीनाथ गुरुजी : …

प्रभावतीबाई : …

कावेरी : थांबा बाई. इचार करायलेय.