माळावरची चिमणी आणि आजींचं कोपर

कानाच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी एक आजी-आजोबा बसले होते. आजोबांच्या कानात नवंकोरं मशीन होतं.

"अगं, आज माळावर ती गवतातली चिमणी माझी मला ऐकू आली! किड्यासारखी किरकिरत होती."

"कळलं मला. मी कोपर मारायच्या आधीच दुर्बीण लावलीत."

"म्हणजे इतकी वर्षं तू मुद्दाम मारायचीस? मला वाटायचं, चुकून लागतं!"

"मग काय! तिथल्या सगळ्याच चिमण्या मातकट. ती आवाजावरूनच ओळखायची, हे तुम्हीच शिकवलंत. तुम्हाला ऐकू येईना, म्हणून ती किरकिरली की मी…"

"आणि मी जगाला सांगत सुटलो, माझे कान अजून तिखट आहेत म्हणून!"

"असू दे हो. सुटले मी आता."

"छे, सुटतेस कुठली! उद्या जाऊ ना माळावर?"

"जाऊ की."

"मग मारत जा कोपर. मला ऐकू आलं तरी."