थर्मन स्ट्रॉड यांच्या नावाची नंबर प्लेट

जबाब देणार : श्रीमती ओलेटा मे स्ट्रॉड, वय ७३ वर्षे, धंदा : घरकाम (पूर्वी सूतगिरणीत कामाला), राहणार : बेथनी चर्च रोड, होल्कम काउंटी, साउथ कॅरोलायना.
दिनांक : १६ ऑक्टोबर २०१९, बुधवार. ठिकाण : शेरीफ कार्यालय (काउंटीचे पोलीस ठाणे).

मी स्वतः हजर राहून, कोणी धाक दाखवला नसताना, सांगते की :

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. माझे पती थर्मन स्ट्रॉड चार वर्षांपूर्वी वारले. मला डॉयल नावाचा एकच मुलगा आहे, वय ४६. तो आमच्याच जागेत मागच्या बाजूला चाकांवरच्या फिरत्या घरात राहतो. त्याची मुलगी केलिन हिला गेल्या महिन्यात मन्रो येथे नोकरी लागली. मन्रो हे गाव राज्याच्या हद्दीपलीकडे, नॉर्थ कॅरोलायनात येते. आमच्या घरापासून हद्द नऊ मैलांवर आहे.

आमच्या राज्यात गाडीमागे जोडायच्या, घरगुती वापराच्या लहान ट्रेलरची नोंदणी करावी लागत नाही. पलीकडे ट्रेलरला नंबर प्लेट लागते. आमच्या राज्यात चालतो तो ट्रेलर तिकडेही चालला पाहिजे, असे आमच्याकडचे शहाणे सांगतात. पण रस्त्यात पोलिसाने गाडी बाजूला घेतली की हे शहाणे कुठे दिसत नाहीत. ज्याला हवी त्याला आमचे राज्यही फी घेऊन प्लेट देते. माझे पती नाकासमोर चालणारे असल्याने त्यांनी एकट्यानेच ती घेतली. तेव्हा सगळे त्यांना हसले. आमच्या चर्चचे डीकन म्हणजे कारभारी हॉयट गॅडी, ज्यांना सगळे ब्रदर हॉयट म्हणतात, ते म्हणाले होते, "थर्मन, ट्रेलरची नोंदणी केलीस, आता त्याला मतदानालाही ने." वर्ष संपायच्या आत हेच ब्रदर हॉयट हद्दीपलीकडून गाय आणायची म्हणून प्लेट मागायला आमच्या दारात उभे होते.

तेव्हापासून आमच्या बेथनी वस्तीत ही एकच प्लेट सगळ्यांच्या ट्रेलरला लागत आली. ती आमच्या शेडमध्ये खिळ्याला टांगलेली असे. ज्याला पलीकडे जायचे त्याने प्लेट काढायची आणि त्याच खिळ्याला आपली टोपी अडकवून जायचे. परत आल्यावर प्लेट टांगायची आणि टोपी न्यायची. आमच्याकडचा माणूस चर्च सोडून कुठेही बोडक्या डोक्याने फिरत नाही, त्यामुळे प्लेट कधी उशिरा आली नाही.

विचारल्यावरून सांगते की, एका ट्रेलरची प्लेट दुसऱ्याला लावणे गुन्हा आहे हे मला माहीत होते. आमच्याकडे ते सगळ्यांना माहीत आहे. पती वारल्यावरही मी दर वर्षी त्यांच्याच नावाने पैसे भरून प्लेट चालू ठेवली. तेही चुकीचे होते. त्यांच्या नावाचे पाकीट वर्षातून एकदा टपालाच्या पेटीत येई, ते बंद करणे माझ्याच्याने झाले नाही.

पती असताना मात्र प्लेट फुकाफुकी मिळत नसे. ते आधी ट्रेलरभोवती फिरून साखळ्या, दिवे, चाके बघत. गाडीच्या मागचा लोखंडी गोळा आणि त्यावर बसणारी ट्रेलरच्या तोंडाची वाटी एकाच मापाची आहे का ते वाकून बघत. साखळ्या नाहीत म्हणून त्यांनी एकदा पास्टरसाहेबांनाही तसेच परत पाठवले होते. ते गेल्यावर लोकांनी प्लेट चालू ठेवली आणि बघणे सोडून दिले. कोणाला काही वाटले नाही. मलाही वाटले नाही.

शनिवार दिनांक १२ रोजी सकाळी मी कोंबड्यांना दाणे टाकायला गेले, तेव्हा खिळ्यावर प्लेट नव्हती. तिथे हिरवी टोपी होती. ती डॉयलची होती. तिचा मागचा पट्टा तुटल्यावर मीच निळ्या दोऱ्याने शिवला होता. तो केलिनचा पलंग आणि कपाट घेऊन मन्रोला निघाला होता. त्याचा ट्रेलर म्हणजे जुना पिकअप मधोमध कापून त्याच्या मागल्या अर्ध्याचा केलेला आहे. आमच्याकडे तसे पुष्कळ आहेत. तो फाटकातून बाहेर पडताना ट्रेलरचे तोंड गाडीमागे उडताना मी स्वयंपाकघरातून पाहिले. वजन कमी आहे म्हणून उडत असेल असे समजून मी भांडी घासत राहिले.

तो संध्याकाळी आला. मी बीन्स आणि कॉर्नब्रेड केले होते. आमच्यात झालेले बोलणे असे.

"जेव."

"भूक नाही."

"केलिनचा पलंग पोचला का?"

"पोचला."

"आणि प्लेट?"

"तारेनं बांधली होती. पडली कुठंतरी."

"मग टोपी न्यायची नाही. नियम म्हणजे नियम."

एरवी यावर तो मला म्हातारी हवालदार म्हणाला असता. त्या दिवशी तो उठून नळाकडे गेला. हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले, आणि निघून गेला.

रविवारी चर्चमध्ये पास्टरसाहेबांनी हद्दीपलीकडे रस्त्याकडेला मेलेल्या एका बाईसाठी प्रार्थना केली. तिला सुटलेल्या ट्रेलरने धडक दिली होती आणि ट्रेलरवाला निघून गेला होता. डॉयल चर्चला आलेला नव्हता. प्रार्थना चालू असताना ब्रदर हॉयट डोळे मिटायचे सोडून माझ्याकडे बघत होते.

घरी येऊन मी शेडमध्ये गेले तर खिळ्यावर दहा-बारा टोप्या एकावर एक लटकत होत्या. डॉयलची टोपी खाली कुठेतरी दबली होती. ब्रदर हॉयट तिथेच बोडक्या डोक्याने उभे होते.

मी म्हटले, "ब्रदर हॉयट, हे काय मांडलंय?"

"टोप्या आहेत, ओलेटाबाई. काल सगळ्यांनाच पलीकडं जायचं होतं म्हणे."

"एका प्लेटवर?"

"कोणी विचारलं तर आम्हाला तरी काय ठाऊक? खालची कोणाची न् वरची कोणाची, सांगणार कोण? तुम्हाला तर टोप्या ओळखता येत नाहीत."

"मला येतात."

"नाही येत. वय झालं आता तुमचं." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "थर्मननी जन्मभर आम्हाला अडल्यानडल्याला प्लेट दिली. त्याच्या पोरासाठी आम्ही एवढंही करायचं नाही होय?"

मला रडू आले. त्या दिवशी मला फार बरे वाटले, हेही लिहावे. सगळे गाव माझ्या मुलामागे उभे राहिले होते. त्या बाईचा विचार माझ्या मनात आला नाही.

सोमवारी आपल्या कार्यालयाचे एक तरुण साहेब घरी आले. त्यांनी विचारले, "थर्मन स्ट्रॉड घरी आहेत का?" मी सांगितले, "चर्चच्या मागं आहेत. चार वर्षं झाली, उठले नाहीत अजून." साहेब ओशाळले. मग त्यांनी खिशातला कागद बघून सांगितले की मृत बाईचे नाव आयरिस कोव्हिंग्टन, वय ६६, पूर्वी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करत होती. ती रस्त्याकडेच्या पेटीतून पत्रे काढत होती. वळणावर ट्रेलर सुटून तिच्यावर गेला आणि तिथेच माझ्या पतींच्या नावाची प्लेट पडलेली सापडली. ट्रेलरवाला थांबला होता, कारण ट्रेलर ओढून पुन्हा गाडीला जोडल्याच्या खुणा मातीत आहेत. शेजारणीला ती बऱ्याच वेळाने दिसली, तेव्हा जिवंत होती. दवाखान्याच्या वाटेवर गेली. लवकर कोणी कळवले असते तर वाचली असती का, असे मी विचारले. साहेब म्हणाले, "डॉक्टर म्हणतात, वाचली असती."

त्यानंतर साहेबांनी शेडमधल्या टोप्या पाहून विचारले, "यातली शनिवारी कोणाची होती?" मी सांगितले, "मला टोप्या ओळखता येत नाहीत. वय झालं." हे मी खोटे सांगितले. ते आज दुरुस्त करून घ्यावे.

मंगळवारी मी डॉयलच्या घरी गेले. तो पायरीवर बसला होता. मी त्याला विचारले, "ती हलत होती का?"

मी पुन्हा विचारले.

"आई, ती बोलली."

"काय बोलली?"

"म्हणाली, तुला कुठं लागलं नाही ना, बाळा?"

"मग तू काय म्हणालास?"

"नाही मॅडम, म्हटलं."

"आणि मग?"

"मग ट्रेलर जोडला."

मी त्याला असे वाढवले की मोठ्या बाईला नुसते नाही म्हणायचे नाही, नाही मॅडम म्हणायचे. तेवढे त्याने पाळले. याहून जास्त काही त्याच्या तोंडून निघाले नाही आणि मीही विचारले नाही.

आमच्या चर्चची रीत आहे की आसपास कोणाचे माणूस गेले तर त्या घरी जेवण पोचवायचे. मग ते घर हद्दीच्या अलीकडे असो की पलीकडे. कोणी काय करायचे ते ब्रदर हॉयट यांच्या पत्नी व्हेल्मा सगळ्यांना फोन करून ठरवतात. या वेळी फोन आला नाही, म्हणून मी केला. व्हेल्मा म्हणाली, "या वेळी राहू दे गं, ओलेटा. ही कोण, कुठली, असं कोणी विचारलं तर काय सांगणार?" मी म्हटले, "आजवर कधी कोणी विचारलं?" तिने फोन ठेवला.

आज सकाळी मी चिकन आणि भात केला आणि डॉयलला म्हटले, मला आयरिस कोव्हिंग्टनच्या घरी ने. त्याने माझ्याकडे पाहिले आणि गाडीची किल्ली आणायला गेला. ते वळण चुकवायला त्याने लांबचा रस्ता घेतला. घराशी आल्यावर तो खाली उतरला नाही.

मयताच्या बहिणीने दार उघडून माझ्या हातातले भांडे घेतले आणि विचारले, "तुम्ही आयरिसच्या ओळखीच्या का?"

मी म्हटले, "नाही. माझा मुलगा तिला भेटला होता."

"मग त्याला बाहेर का बसवलंय? आत बोलवा ना."

"त्याला बरं नाही."

त्या बाईने आत जाऊन केकचा तुकडा कागदात गुंडाळून आणला आणि म्हणाली, "त्याला द्या. आयरिसला कोणाची पोरं उपाशी गेलेली खपायची नाहीत." मी तो आणून डॉयलला दिला आणि तिने काय म्हटले तेही सांगितले. त्याने तो मांडीवर ठेवला आणि गाडी सुरू केली. मला माझा मुलगा जिवापाड प्रिय आहे. तरी परतीच्या सगळ्या वाटेत मला त्याच्याकडे बघवले नाही.

आपल्या कार्यालयाशी आल्यावर मी त्याला थांबायला सांगितले. मेलेल्या माणसाच्या नावाची प्लेट चालू ठेवली म्हणून सही द्यायला बोलावले आहे, असे मी म्हटले. मला कोणी बोलावले नव्हते.

डॉयल म्हणाला, "काय सांगायचं ते ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे."

"टोप्या ओळखता येत नाहीत."

"हो रे. ठाऊक आहे म्हटलं ना."

विचारल्यावरून सांगते की, शनिवारी खिळ्यावर असलेली हिरवी टोपी माझा मुलगा डॉयल थर्मन स्ट्रॉड याची होती. सदर प्लेट त्यानेच नेली. ट्रेलर त्याचा होता आणि गाडी तो चालवत होता. त्याने बाईला जिवंत पाहिले आणि तिला तिथेच टाकून तो निघून आला. बाकीच्या टोप्या कोणाच्या तेही मी एकेक करून सांगेन, पण त्या माणसांनी आमच्यावरील मायेपोटी ते केले, एवढे त्यांच्या नावापुढे लिहावे.

विचारल्यावरून सांगते की, डॉयल सध्या कार्यालयाच्या आवारात पांढऱ्या पिकअपमध्ये बसला आहे. त्याच्याजवळ हत्यार नाही. गाडीची किल्ली त्याच्याचकडे आहे. तो पळून जाईल का असे विचारले, त्यावर सांगते की, जाणार नाही. मी इथे बोलत असताना दोनदा उठून खिडकीतून पाहिले, गाडी तिथेच आहे. तो धीराचा आहे म्हणून थांबला आहे असे कोणी समजू नये. आपली आई आपले नाव घेणार नाही, याची त्याला खात्री आहे, म्हणून तो थांबला आहे.

माझा हा जबाब लिहून झाल्यावर साहेबांनी मला सावकाश वाचून दाखवला. जिथे मुलाचे नाव आहे ती ओळ मी त्यांना पुन्हा वाचायला लावली. ती बरोबर आहे.

समक्ष सही : ओलेटा मे स्ट्रॉड