बोलकी पोरं

—सांगितलं नं प्रफुल्लसर, अर्पिता घरी नाही. शनिवारीच येते ते. पोडावरच खोली करून राह्यली — कोलामायची वस्ती, नाला भरला की तिकडचे तिकडं अन् इकडचे इकडं. बसा. चहा ठेवला हाये, मी काही खात नाही माणसाले. पण सुनेचं काम घेऊन सासूकडं आले, म्हणजे काम सरळ नाही, एवढं मलेबी समजते. मी शाळेची पायरी चढली नाही. एसटीच्या पाट्या वाचत वाचत शिकली — कोण्या मास्तराचे उपकार नाहीत मायावर.

ओळखलं नाही का मले? मागच्या साली तुमच्या इंग्रजीच्या प्रशिक्षणात व्हरांड्यात लेकरू घेऊन बसलेली म्हातारी — ते मीच. अंगावर पिणारं लेकरू असलं की मास्तरीणबाईसंगं सासूले जावंच लागते; बसलो होतो आम्ही साऱ्या म्हाताऱ्या झोळ्या हलवत. अन् आत तुम्ही! अर्ध्या मास्तरायले म्हणे, पोरं व्हा. झाले! पेन्शनीले आलेले बाप्पे बेडूक होऊन फरशीवर उड्या मारून राह्यले. तुम्ही इंग्रजीत पुसलं, त्यायनं धडाधड इंग्रजीत सांगितलं, टाळ्या. मी तवाच खिडकीतून म्हटलं — सर, या पोरायले सारं आधीच येते, मंग शिकलं कोण? हासले तुम्ही. आजीबाई, लेकरू सांभाळा, म्हणाले.

अर्पिता गेली नं तुमचं ते शिकवणं घेऊन पोडावर. वर्गात इंग्रजीशिवाय शब्द काढाचा नाही — तुमचा हुकूम. तिनं उड्या मारल्या, गाणं म्हटलं, अन् पोट्टे नुसते पाहून राह्यले, जशी बाईले हवा लागली. घरी कोलामी, शाळेत मराठीच परकी, त्यावर हे तिसरं! निम्मे पोट्टे बकऱ्यायमागं निघून गेले. रडली माही सून — याच ओट्यावर. मंग काय केलं तिनं? तिथंच खोली केली, अन् सांजच्याले पोट्ट्यायलेच मास्तर केलं — सांगा रे, बकरीले काय म्हणता, पाण्याले काय म्हणता. तिची जीभ वळे नाही, ते लोळून लोळून हासत. बाई चुकते, मंग आपण चुकलो त काय होते — असं झालं ते. आता ते पायल हाये, कोलामाची पोरगी — आधी गप राहीन, अंगठ्यानं माती उकरीन, छपराकडं पाहीन, अन् मंग इंग्रजीत सांगीन, तिची बकरी काहून चरत नाही ते. सांगते सर, पण आपल्या येळेनं सांगते.

तेच पुरत नाही तुमच्या कॅमेऱ्याले! काय म्हणाले आत्ता — जिल्ह्यातल्या साऱ्या मास्तरायले दाखवाले अर्पिताच्या वर्गाचं शूटिंग करायचं, अन् पोरं आणायची पांढरकवड्याच्या इंग्रजी शाळेतून, जीपमध्ये? बोलकी असते म्हणे. पोडातल्या पोट्ट्यायचे गणवेश त्यायच्या अंगावर घालाचे, अन् पायल बसन बाहेर मोहाच्या झाडाखाली, शूटिंग सरेपर्यंत. वा रे वा! मंग ते पाहून बाकीचे मास्तर आपापल्या पोडात तसंच करतीन, अन् पोट्टे गप बसले की म्हणतीन, पोट्टेच ढ.

काय? शूटिंग झालं त अर्पिताले तालुक्याले मार्गदर्शक करता? रोज घरी येईन? — थांबा, चहा उतू चालला — हे मले पाह्यजे, असं कोणं सांगितलं तुमाले? मी काही एकटी राह्याले भेत नाही. पोरगा ट्रकवर असते, हैदराबादकडं, त्याची सवय हाये. नात तेवढी... पोडावरच वाढून राह्यली, मायसंगं शनिवारी येते, अन् दाराआड उभी राहते. कोलामीत कायतरी मागते मले, मी वाटी देतो, पाणी देतो, भावली देतो — ते नसतेच ते. मंग रडते मायकडं पाहून. रडू द्या. लेकराचं काय मनावर घ्याचं.

फोन वाजून राह्यला. तिचाच हाये — हां, बोल अर्पिता. हो, इथंच बसले हायेत सर... तुले भेटला त्यायचा निरोप? अन् तू हो म्हणून राह्यली? काहून?... मायासाठी?

मायासाठी त्या पोरीच्या अंगातला गणवेश काढतं तू?

...ठेवला तिनं.

पाहता काय मायाकडं? ते हो म्हणते, मी नाही म्हणतो. उद्या पहिल्या गाडीनं पोडावर जातो अन् वर्गाच्या दारात बसतो. आणा तुमची जीप. — चहा राहू द्या तो. निघा.