विस्तव न्यायला

बसा की नीट, असं खुर्चीच्या कडेवर काय टेकलात, विस्तव न्यायला आल्यासारखे — अं? नाही नाही, तसं नव्हतं मला म्हणायचं. आमच्याकडे बोलायची पद्धत आहे ती, कोणी दारातून आला आणि लगेच उठायला लागला की विचारतात, काय रे बाबा, विस्तव न्यायला आलास का. पूर्वी सकाळी चूल विझलेली दिसली की शेजारून निखारा आणायचा, आणि निखारा हातात घेऊन कोण गप्पा मारत उभं राहणार, म्हणून. मी आपली सवयीनं बोलून गेले. आणि तुम्ही खिशातून डबीच काढलीत. ठेवा, टेबलावर ठेवा ती. नाव? सांगितलंत हो मघाशी, पण माझा हा कान जरा — असू दे, नावाचं काय एवढं. आधी चहा. नको? एकदा नको म्हटलेलं आम्ही धरत नाही, दुसऱ्यांदा म्हटलेलंही नाही, तिसऱ्यांदा म्हणालात तर मग विचार करू. पाव सकाळीच भाजलाय. लोणी जरा जास्त लावा, बसमध्ये कुठं मिळणार आहे तुम्हाला.

बाकीचे सगळे तुमच्या गाइडच्या, फिंटनच्या मागून चर्चमध्ये गेले ना, ती काचेची खिडकी बघायला. येतील सावकाश. तुमचा गुडघा दुखतो म्हणून राहिलात, बरं केलंत. मी तर म्हणेन सगळ्यांचेच गुडघे दुखायला हवेत — हसलात, छान. अहो, इतकी वर्षं बस येते, ईस्टर झाला की सुरू, पण बसत कोणी नाही. बेलफास्टला, जिथं ते टायटॅनिक बांधलं, तिथून निघतात, ते शेवटचं जिथून सुटलं त्या कोव्हच्या धक्क्यावर शेवट करतात, आणि मध्ये कुठंतरी मी. फिंटन दारात उभा राहून बोलतो, ही अट्रॅक्टा मॅकहेल, आणि हा तिच्या चुलीतला विस्तव, टायटॅनिकवर गेलेल्या मुलीचा. मग सगळे फोन वर करतात. मी बाजूला सरकते, मी फोटोत आले तर विस्तव झाकला जातो ना. मग मी माझं एक वाक्य म्हणते — तेव्हापासून हा विझलेला नाही — आणि ते आहाहा करतात आणि जातात. कपसुद्धा विसळायला पडत नाही मागं. मला कप विसळायला आवडतात हो. दोन कप विसळायचे असले म्हणजे आपल्याकडे कोणी आलं होतं असं वाटतं.

ती गोष्ट फिंटननं सांगितलीच असेल, पण तो तिला फार सजवतो. ती काही सुंदरबिंदर नव्हती. सबायना लॉफ्टस, या आमच्या शेजारच्या घरातली — ते दिसतंय ना खिडकीतून, छप्पर पडलेलं, आत झाड उगवलंय, ते. आई वारली, बाप आधीच गेलेला, भाऊ मार्टिन अमेरिकेत. घरात ती एकटी. तर भावाकडं जायचं ठरवलं तिनं, आणि निघायच्या दिवशी सकाळी आपल्या चुलीतला सगळा विस्तव बादलीत भरून इथं घेऊन आली. तशीच रीत होती. घर बंद करून कोणी परदेशी गेला, तर चूल विझवून जायचं नाही, शेजाऱ्याच्या चुलीत आपला विस्तव मिसळून जायचं — परत आलं की तिथूनच न्यायचा. माझी आजेसासू तेव्हा तरणी होती, तिनं इथंच, तुमचे पाय आहेत ना तिथं बसून, तो आपल्या विस्तवात घालून घेतला. सबायना म्हणाली, मी आले तर मी नेईन, नाही तर माझं कोणी येईल त्याच्या हाती दे, तोवर सांभाळ. आणि गेली. कोव्हला बोटीत बसली, पुढं काय झालं ते साऱ्या जगाला ठाऊक आहे. पण प्रेत काही मिळालं नाही. आता प्रेत मिळालं नाही तर गेली असं म्हणायचं कोणी? चूल विझवणं म्हणजे ते म्हणणं. आजेसासूनं म्हटलं नाही, सासूनं म्हटलं नाही. मी लग्न होऊन आले तर पहिल्याच संध्याकाळी सासूनं चिमटा हातात दिला आणि म्हणाली, घर तुझं, गाई तुझ्या, डोमिनिक तुझा, विस्तव मात्र तुझा नाही. झोपताना राखेखाली नीट झाकायचा, उठल्यावर राख बाजूला करून वर दलदलीतल्या मातीची वाळलेली ढेकळं रचायची, आमच्याकडं जळण तेच. बाळंतपणातसुद्धा केलंय मी ते. डोमिनिक गेला त्या दिवशीसुद्धा, माणसं घरात बसलेली, आणि मी आपली गुडघ्यांवर. तुमच्या आजोबांनी एक पत्र टाकलं असतं ना कधी, म्हणजे मार्टिननं, तर — घ्या, अजून घ्या चहा, गार झाला तो.

हो. ऐकू आलं होतं मला नाव. कान तसा बरा आहे माझा.

तोंडवळ्यावरूनच शंका आली होती म्हणा. त्या घरातल्या माणसांची हनुवटी अशीच, सासू सांगायची, लॉफ्टसांच्या हनुवटीवर कंदील टांगावा. वाईट वाटून घेऊ नका. तर तुम्हाला एक निखारा हवाय, निवलेला, त्या डबीत घालून क्लीव्हलंडला न्यायला, आजोबांच्या थडग्यावर ठेवायला. किती साधं मागणं आहे. शंभर माणसांनी इथं चिमूटभर राख मागितली असेल, दिली मी, राखेला काय तोटा. पण तुम्हाला — तुम्हाला खोटं कसं देऊ? हा तो विस्तव नाही. झालं, बोलले. फिंटनला माहीत नाही, कोणालाच नाही.

गेल्या हिवाळ्यात मी अंगणात घसरले, दंव गोठलं होतं, खुबा मोडला. इस्पितळात पडून होते. एन्डा आला, माझा मुलगा, टोरांटोहून धावत आला बिचारा, इस्पितळाजवळच कुठं उतरला होता. मी गुंगीत आणि तोंडानं सारखं विस्तव, विस्तव. नर्सला वाटायचं मला थंडी वाजतेय, ती आणखी एक कांबळं आणून घालायची. काय सांगणार तिला. एन्डा परत गेला आणि मला गाडीनं घरी आणून सोडलं, तर चूल — हात घातला मी राखेत, अगदी तळापर्यंत. गार. नदीतल्या दगडासारखी गार. मग मी काय केलं असेल? रडले? नाही हो. बादली घेतली आणि निघाले. म्हटलं शेजारून आणू. कुबडी एका हातात, बादली दुसऱ्या, आणि निघाले गल्लीनं, जसं काही — अहो, माझ्या लक्षातच आलं नाही! पॅकीच्या दाराला कुलूप, तो तर केव्हाच वारला, मीच गेले होते मातीला. पुढं क्वीनीचं घर, ते डब्लिनच्या कोणीतरी घेतलंय, उन्हाळ्यात येतात. मास्तरांचं घर, तिथं मेंढ्या. मी आपली प्रत्येक धुराड्याकडं बघतेय, एकातूनही धूर नाही. या रस्त्यानं मी रोज जाते, आणि धूर नाही हे मला त्या दिवशी दिसलं. शेवटी त्या जर्मनाच्या दारात, वर्नर त्याचं नाव, भला माणूस आहे. म्हटलं, जरा विस्तव देता का. तो बघतच राहिला. त्याच्याकडं चूलच नाही, भिंतीतून कसली ऊब येते म्हणे. आत गेला आणि ते लांब दांड्याचं पेटवायचं आणलं, टक टक करतं ते, आणि म्हणाला, राहू दे तुमच्याकडंच. बादलीत टाकलं मी ते. रिकाम्या बादलीत खडखड वाजत होतं घरापर्यंत. त्यानं पेटवलाय हा. बघा, तसाच दिसतो की नाही? ऊबही तेवढीच देतो. त्याला काय कळतंय तो कोणाचा आहे ते.

काय म्हणता? चालेल? असलाच तरी चालेल, याच चुलीतला आहे ना, एवढं पुरे? तुम्ही फार चांगले आहात हो. तुम्ही चांगले नसतात तर बरं झालं असतं.

कारण — आता हेही सांगते, पाव संपवा तोवर. एन्डाचा दर रविवारी फोन येतो. आई, चल ना इकडं, आई, तिकीट काढतो. राहून आलेय मी तिथं एकदा. उंचावर घर, खिडकी उघडत नाही, नातवंडं गोड आहेत पण आपापल्या खोल्यांत. सून विचारते, काही हवंय का, आणि काय हवंय ते मला सांगता येत नाही. इथंही मी एकटीच आहे, खोटं कशाला बोलू, हिवाळ्यात कधी कधी दिवसच्या दिवस आवाज फुटत नाही माझा, मग मुद्दाम विस्तवाशीच बोलते, बोलणं विसरू नये म्हणून. पण इथली एकटी मी माझ्या घरात एकटी आहे. तर एन्डाला दर वेळी सांगते, अरे, सबायनाचा विस्तव कोण सांभाळणार, शब्द दिलाय घरानं, तिचं कोणी येईपर्यंत. यावर तो गप्प बसतो. लहानपणापासून ऐकलंय ना त्यानं, शब्द म्हणजे शब्द. तेवढं एकच आहे माझ्याकडं त्याला गप्प बसवायला. आणि तुम्ही डबी घेऊन आलात. सबायनाचं कोणी. इतक्या वर्षांत कोणी आलं नाही, आणि आलात ते माझा खुबा मोडल्यावर. तुम्ही निखारा नेलात की शब्द फिटला. मग मी कोणाचा विस्तव सांभाळतेय? वर्नरचा? मग तिकीट, मग कुलूप, मग माझ्याही धुराड्यातून —

हा बघा, हॉर्न. आले सगळे. उठा, सावकाश, गुडघा सांभाळा. ती डबी घ्या. नाही, रिकामीच. रागावू नका हो, त्या पडक्या घराच्या भिंतीतला एक दगड घ्या वाटेत, तो तरी खरा आहे, आजोबांना तोच आवडेल. फिंटनला काही बोलू नका. आणि आडनाव तुम्ही मला सांगितलंच नाहीत, कळलं? मी ऐकलंच नाही, हा कान वाईट आहे माझा. कोणी विचारलं तर सांगा, म्हातारीनं दोन कप चहा पाजला आणि डोकं खाल्लं. ते आता आत येतील, फोन वर करतील, मला माझं वाक्य म्हणायचंय.

असे उभे काय राहिलात? विस्तव न्यायला आलेला माणूस एवढा वेळ बसतो का कधी? तुम्ही बसलात. म्हणजे तुम्ही त्यासाठी आलाच नव्हतात. जा आता. कप राहू द्या तिथंच, मी विसळते.