आडवी बस

मैदानातला सोहळा आटोपला, पण गर्दी काही हटेना. वाहनं अडवायला रस्त्यात आडव्या लावलेल्या बसपुढेसुद्धा लोकांनी रांग लावली. रांगेतल्या, ड्यूटीवरून परतणाऱ्या एका नर्सबाईंचे पाय भरून आले होते. त्यांच्या पुढच्या आजी ड्रायव्हरला विचारत होत्या.

“ही कधी सुटणार?”

“नाही सुटणार, आजी. रस्ता बंद करायला लावलीय. सगळ्यांना सांगून घसा बसला.”

“अजिबात हलणार नाही?”

“संध्याकाळपर्यंत तरी नाही.”

“नक्की ना?”

“अहो, किती वेळा सांगू?”

“रागावू नका. मुलगा म्हणाला होता, चुकामूक झाली तर बसपाशी थांब. आमची बस तर कधीच निघून गेली.”

ड्रायव्हरनं दार उघडलं.

“या. खिडकीशी बसा, म्हणजे त्याला दिसाल.”