तांबूचा पाय आणि मॅडमचा हात

सन्माननीय अध्यक्षा कुमुदताई, व्यासपीठावरील पाहुणे, सुकापूर-कामोठ्याहून आलेली मंडळी, आणि ज्यांच्यासाठी आज हे सभागृह भरलं त्या आपल्या गुरांच्या डॉक्टर, मझल रोहेकर मॅडम, सगळ्यांना नमस्कार. मी निशा, सुकापूरच्या भगवान भोपींची मुलगी.

मघापासून मॅडमच्या सेवेचं कौतुक चाललंय. पण त्या मुदतीआधीच निवृत्त का होतायत, हे कुणी बोललं नाही. मॅडम मला खुणेनं गप्प बस म्हणतायत. माफ करा, आज ऐकणार नाही.

गेल्या वर्षी आमच्या तांबू गाईचा मागचा पाय एका नव्या इमारतीसमोर गटाराच्या जाळीत अडकला. दोन गजांच्या मध्ये नेमकी खुरावरची लांब नळी, म्हणजे पायाचं हाड. गाय हिसके देतेय, भोवती गर्दी, मागे डंपरवाल्यांचे हॉर्न. मॅडमनी गुंगीचं इंजेक्शन दिलं, पण ते चढायला वेळ हवा. वेल्डर मिथुननं गज कापायला घेतला आणि कटरच्या आवाजानं तांबू उसळली. पाय मोडलेल्या गाईचं पुढे काय होतं, हे इथल्या जाणत्यांना मी काय सांगावं?

मॅडमनी आपला उजवा तळहात गज आणि नळीच्या मध्ये सरकवला. तांबूचा सगळा भार त्यावर आला. कट्कन आवाज झाला.

बाबा ओरडले. "गेला! पाय गेला तिचा!"

"पाय नाही, भगवानदादा. माझा हात. मिथुन, थांबू नकोस, काप."

"मॅडम, हात काढा! मरू द्या गाय, आमाला नाय पायजे!"

"तिला या जागी एकच हाड आहे, दादा. मला पाच आहेत. मान धरा तिची."

बाबांनी मान धरली. गज तुटेपर्यंत मॅडमनी हात काढला नाही.

पाय निघाला. सोललेला, पण शाबूत. मॅडमच्या तळहाताची दोन हाडं मोडली होती. ऑपरेशन झालं, तारा घातल्या. मूठ मात्र पूर्ण वळत नाही. आणि मूठ वळत नसेल, तर अडलेलं वासरू ओढायचं कसं? म्हणून हा निरोप.

बाबा मागच्या रांगेत बसलेत. माइकवर बोलणं त्यांना जमणार नाही. बाबा, पुढे या. मॅडमना शाल तुम्ही घाला. श्रीफळ मात्र मॅडमच्या हातात देऊ नका, जड आहे. घरापर्यंत तुम्हीच पोचवा.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. मॅडमनी वर्षभर झाकून ठेवलेलं मी उघडं केलं, तेवढं पोटात घाला.