कांद्याच्या मळ्यातून

वाऱ्यामुळे मांडव्याहून मुंबईला जाणारी बोट रद्द झाली होती. जेट्टीच्या बाकावर इतिहासाच्या इराबाई पेपर तपासत होत्या. प्रश्न होता, अमेरिकेत आरपार रेल्वे लोकांना का हवी होती? बाराव्या मुलानेही तेच लिहिलं होतं : व्यापार, वस्ती, संरक्षण.

मागच्या बाकावर एक म्हातारी आणि तिचा दीर बोलत होते.

"ठमावयनी, आता पेणवरून वळसा. अर्ज उद्या देऊ."

"न्हाय. वळशानं जाऊ, पण रेल्वेच्या सायबाला आजच देऊ."

"रूळ तुमच्याच कांद्याच्या मळ्यातून जातील. कळतंय ना?"

"कळतंय. बोट बंद झाली की कांद्याच्या माळा दारात टांगून र्‍हातात. त्या मळ्याचं काय लोणचं घालू? तुमचे भाऊ गेले तवा पोरगा मुंबईवरून वळशानंच आला. तवर त्यांची वाचा गेली व्हती. वाचा तो अर्ज."

"'आमच्या गावातून रेल्वे न्यावी...'"

"न्यावी? मळा मी द्यायचा, आन् गाडी माझ्या डोळ्यांदेखत निघून जायची? पयलं लिवा, आमच्या गावात थांबावी."

"ते शेवटी लिवलंय."

"वर घ्या."

"पेन न्हाय, वयनी."

इराबाईंनी मागे वळून आपलं पेन पुढे केलं.

"बाई, हे लाल हाय."

"असू द्या, भावजी. सायबाला नीट दिसंल."